मुक्या सोबत्याची नोंदवही

आमच्या डिचोलीच्या घरी माजघरातल्या फडताळात वडिलांची होमिओपॅथीची पेटी अजून जपून ठेवलेली आहे. शिसवी लाकडाची पेटी, आत चौकोनी कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात बुचाची इवलीशी बाटली. वडील डॉक्टर नव्हते. मराठी शाळेचे मास्तर होते. टपालाने मागविलेल्या पुस्तकांवरून त्यांनी ही विद्या जमेल तशी आत्मसात केली होती. १९६१ साली गोवा मुक्त झाला, त्यानंतरही आमच्या भागात डॉक्टर सहजी हाताशी येईपर्यंत काही वर्षे गेली. तोवर वाडीवरच्या पडशा-खोकल्याला, पोटदुखीला आणि मुलांच्या किरकिरीला हीच पेटी आधार असे. गोळ्या गोड असल्यामुळे आम्ही मुले वरचेवर आजारी पडत असू, हे ओघानेच आले.

त्या पेटीशेजारी एक जाड, लाल कापडी बांधणीची खतावणी आहे. आज लिहावयाचे आहे ते पेटीसंबंधी नव्हे, या खतावणीसंबंधी. तीत माणसांच्या दुखण्यांमध्ये अधूनमधून गाईची, बैलाची आणि घरच्या कुत्र्याचीही पाने आहेत. एका पानावर वडिलांच्या वळणदार अक्षरांत असे लिहिले आहे: ‘कुत्रा. वय अदमासे चार. काल सायंकाळपासून पाणी थोडे थोडे, पण वारंवार पितो. उन्हात बसत नाही; ओसरीच्या गार जमिनीवर पोट टेकून असतो. पोटास हात लावू देत नाही. परसाकडे दोनदा; दुसऱ्या वेळी आव.’ औषधाचे नाव पुढे आहे, पण शाई फिकट झाल्याने ते वाचता येत नाही. निरीक्षण मात्र काल लिहिल्यासारखे स्वच्छ आहे. मला वाटते, काळाने येथे नेमकी निवड केली. जे राखावयाचे ते राखले.

ज्या डॉक्टर सॅम्युएल हानेमान यांनी ही चिकित्सापद्धती प्रवर्तित केली, ते जर्मनीतील माइसन गावचे. जन्म १७५५, मृत्यू १८४३. त्यांचा ‘ऑर्गनॉन’ हा ग्रंथ १८१० साली प्रसिद्ध झाला. आपल्या देशात ही विद्या पोहोचली त्याची एक ठळक खूण म्हणजे १८३९ साली लाहोरात महाराजा रणजितसिंहांवर योहान मार्टिन होनिगबर्गर यांनी केलेले उपचार. पुढे बंगालने तिला आपलेसे केले आणि मध्यमवर्गीयांच्या घराघरांतून लाकडी पेट्या दिसू लागल्या. हानेमान यांनी जनावरांनाही हीच रीत लावता येईल असे प्रतिपादन केले होते. त्यांचे त्याविषयीचे हस्तलिखित व्याख्यान पुढे लाइपझिग येथे सापडले.

‘ऑर्गनॉन’मध्ये रोग्याची हकीकत कशी टिपून घ्यावी याचे सविस्तर नियम आहेत, आणि शिक्षकाच्या नजरेने पाहता ते फार मोलाचे आहेत. वैद्याने मध्येच तोंड घालू नये. रोग्याला बोलू द्यावे. प्रत्येक तक्रार नव्या ओळीवर लिहावी, म्हणजे मागाहून कळलेला तपशील त्या ओळीपुढे भरता येतो. ज्याचे उत्तर केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे येईल, अथवा ज्यात उत्तर आधीच सुचविलेले असेल, असा प्रश्न विचारू नये. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्या आम्हां मंडळींनीही हे नियम भिंतीवर लावून ठेवावेत!

परंतु रोगी बोलतच नसेल तर? कुत्र्याला डोके दुखते की पोट, हे तो सांगत नाही. त्याच्या वतीने बोलावयाचे ते घरच्या माणसाने. आणि घरचे माणूस पाहते त्यापेक्षा समजून घेते फार. येथेच सारी गफलत होते. ती माझ्या हातून कशी झाली, ते सांगतो.

२००९ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्याकडे टायगर नावाचा गावठी कुत्रा होता. नाव वाघाचे, स्वभाव सशाचा. चवथीच्या धामधुमीत त्याने अन्न टाकले. मी वडिलांची खतावणी काढली, मागची कोरी पाने पाहिली आणि मोठ्या भक्तिभावाने नोंदी सुरू केल्या. पहिल्या दिवशी लिहिले, ‘बरे नाही.’ दुसऱ्या दिवशी, ‘मलूल.’ पुस्तकात पाहून गोळ्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी लिहिले, ‘आज बरा वाटतो.’ चौथ्या दिवशी पुन्हा ‘मलूल’, पाचव्या दिवशी ‘किंचित सुधारणा’. सहाव्या दिवशी नववीत शिकणारी माझी मुलगी परसातून आली आणि म्हणाली, “बाबा, ह्याची लघवी चहासारखी काळपट झालीय. काल पण तशीच होती.”

मी त्याला पशुवैद्यकांकडे नेला. त्यांनी प्रथम त्याचा ओठ उलटून पाहिला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या. मग कानांच्या आत आणि पंजांच्या बेचक्यांत पाहिले. तेथे गोचिडी चिकटलेल्या होत्या. ते विचारू लागले: अन्न कोणत्या दिवशी टाकले? पूर्ण टाकले की निम्मे? पाणी किती पितो? लघवीचा रंग कधीपासून बदलला? ताप किती? माझ्या हातात वही होती आणि एकाही प्रश्नाचे उत्तर तीत नव्हते. रक्त तपासल्यावर गोचिडीच्या तापाचे निदान झाले. या दुखण्यात गोचिडीच्या चाव्यातून आलेले जंतू रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. म्हणून हिरड्या फिकट पडतात आणि लघवी काळपट होते. वेळेवर कळल्यास यावर औषध आहे. टायगरच्या बाबतीत ती वेळ टळून गेली होती. त्याच रात्री तो गेला.

पुढे कित्येक दिवस मी ती पाच पाने वाचीत असे. त्यांत टायगर कोठेच नव्हता. होतो तो मी. ‘बरा वाटतो’ म्हणजे कुणाला वाटतो? तो बरा व्हावा असे मला वाटत होते, तेच मी लिहिले होते. आयुष्यभर मुलांना विशेषण आणि क्रियापद यांतील भेद शिकविणाऱ्या माणसाच्या वहीत सगळी विशेषणेच होती. ‘मलूल’ हे विशेषण होय. ‘फाटक वाजले तरी मान उचलली नाही’ यात क्रियापद आहे. वडिलांच्या त्या जुन्या पानात कुत्रा पितो, बसतो, टेकतो, हात लावू देत नाही. एवढा एकच धडा घेतला तरी वही ठेवण्याचे सार्थक होईल: मुक्या जनावराच्या नोंदीत विशेषणे कमी असावीत, क्रियापदे अधिक असावीत, आणि जेथे मोजता येईल तेथे आकडा असावा.

आपल्या आशेने आपले डोळे कसे फसतात, हे पुढे एका अभ्यासाविषयी वाचले तेव्हा अधिक उमगले. २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सांधेदुखीने लंगडणाऱ्या ज्या कुत्र्यांना औषध म्हणून निव्वळ निर्गुण गोळी दिली होती, त्यांचा विचार केला होता. पायाचा भार मोजणारे यंत्र सुधारणा नाही असे सांगत असतानाही, कित्येक मालकांना कुत्रा सुधारल्याचे दिसत होते. आणि परीक्षा करणारे पशुवैद्यकही या भ्रमातून सुटले नव्हते. कुत्र्याला गोळीविषयी काहीच ठाऊक नसते. पण आपल्याला असते. विश्वास त्याचा नसतो, आपला असतो.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट सांगणे मी माझे कर्तव्य समजतो, जरी ती लिहिताना वडिलांची पेटी डोळ्यांसमोर येते. होमिओपॅथीतील पुष्कळ औषधे इतकी विरल केलेली असतात की, शंभरपट विरल करण्याची क्रिया बारा वेळा झाल्यावर मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरण्याचीही शक्यता नगण्य होते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध संशोधनाची छाननी करून, कोणत्याही विकारावर ही पद्धती गुणकारी असल्याचा विश्वसनीय पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. ब्रिटनमधील पशुवैद्यकांच्या रॉयल कॉलेजनेही २०१७ साली आपल्या सदस्यांना बजावले की, असे उपचार शास्त्रसिद्ध उपचारांच्या जागी देऊ नयेत. फार तर जोडीला असावेत. ज्यांची या औषधांवर श्रद्धा आहे त्यांच्याशी वाद घालण्याचा माझा मानस नाही. पण श्रद्धा माणसाने स्वतःपुरती ठेवावी. तिची किंमत मुक्या जिवाला मोजावयास लावू नये. शिवाय १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार जनावरांची चिकित्सा हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे काम आहे. माणसांना औषध देणारे होमिओपॅथ कितीही निष्णात असले, तरी कुत्र्याचे निदान पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे, आणि अन्य काही देत असल्यास तेही त्यांच्यापासून लपवू नये.

या संदर्भात आपल्या रानातील काजरा आठवतो. पेडण्या-डिचोलीच्या डोंगरउतारांवर नारिंगी फळांचा हा वृक्ष ठिकठिकाणी दिसतो. त्याच्या चपट्या बियांपासून होमिओपॅथीतील ‘नक्स व्होमिका’ तयार करतात. त्याच बियांत स्ट्रिक्निन हे जहाल विष असते, आणि एकेकाळी देशातील अनेक नगरपालिका भटक्या कुत्र्यांना मारण्यासाठी ते वापरीत. एकाच झाडाने कुत्र्याला मृत्यूही दिला आणि औषधाच्या नावाने दिलासाही देऊ केला. कोणती वस्तू, किती आणि कुणाच्या हातून, यावरच सारे अवलंबून असते.

असो. वही कशी ठेवावी, याकडे वळू. टायगरच्या पश्चात आमच्या मुलीने रेघा मारून एक नवी वही तयार केली. तिच्या पहिल्या पानावर नव्या कुत्रीची, चांदणीची, निरोगी असतानाची माहिती आहे. आणि हे पहिले पानच सर्वांत महत्त्वाचे होय. प्रकृती म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर विकृती कशी ओळखणार? चांदणीचे वजन किती (आपण तिला उचलून वजनकाट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे), दिवसाला किती पाणी पिते, किती वेळा खाते, झोपेत मिनिटाला किती श्वास घेते, हिरड्यांचा रंग कसा, माजावर कधी आली, लस कधी टोचली, हे सारे त्या पानावर आहे.

सामान्यतः निरोगी कुत्र्याचे तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. म्हणजे माणसाच्या मापाने त्याला नेहमीच थोडा ताप असतो. नाक गरम की गार यावरून ताप ठरविण्याची आपली रीत निरुपयोगी आहे. कुत्र्यासाठी वेगळा थर्मामीटर ठेवावा आणि गुदद्वारातून तापमान घेण्याची पद्धत पशुवैद्यकांकडून एकदा शिकून घ्यावी. विश्रांतीत असताना श्वास मिनिटाला साधारणतः तिसाच्या आत असतात. छातीचा भाता अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावी. हिरड्या गुलाबी आणि ओलसर असाव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावा.

आजारपणात प्रत्येक नोंदीपुढे तारीख आणि वेळ घालावी. घरातील कुणीही पाहिले तरी ज्याने पाहिले त्यानेच लिहावे. ऐकीव लिहू नये. आमच्या वहीतील एक पान नमुन्यादाखल देतो:

‘सकाळी ७. भाकरी हुंगली, खाल्ली नाही. पाणी अर्धा तांब्या.
सकाळी ९. पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकविली, मागचा भाग वर. असे तीनदा.
सकाळी ११. ओकली. पिवळा फेस, अन्न नाही.
दुपारी २. गार लादीवर. हाक मारल्यावर शेपूट हलविली, उठली नाही. ताप १०३.४.
सायंकाळी ५. परसाकडे झाली नाही. लघवी एकदा, रंग नेहमीचा.’

यात काय झाले आहे याचा तर्क कोठेही नाही. तर्क डॉक्टरांनी करावयाचा. ‘थंड लादीवर पडते’ हे वाचून होमिओपॅथीचा अभ्यासक औषधाच्या गुणधर्माचा विचार करील. पशुवैद्यक तापाचा विचार करील. पुढचे पाय पसरून वाकण्यात होमिओपॅथ ‘कशाने बरे वाटते’ याची खूण शोधील. पशुवैद्यकाला तेथे पोटातील वेदना दिसेल. वाचणारे दोन असले तरी लिहिलेले एकच, आणि ते खरे असले म्हणजे झाले. दुखणे कशाने वाढते, कशाने उतरते, दिवसाच्या कोणत्या प्रहरी जोर करते, एकटे राहावेसे वाटते की सोबत हवी असते, या गोष्टी टिपण्याची होमिओपॅथीने लावलेली सवय मला आजही उत्तम वाटते. गोळी विरून गेली तरी ही शिस्त राहावी.

या शिस्तीने चांदणीला वाचविले. माजावरून उतरल्यानंतर सहाएक आठवड्यांनी मुलीने लिहिले: ‘पाणी साडेतीन तांबे. पूर्वी दीड.’ दुसऱ्या दिवशी, ‘पाणी चार तांबे. रात्री दोनदा लघवीसाठी उठविले.’ खाणे जवळजवळ नेहमीचे होते, उन्हाळा होता, मी म्हणालो असतो, उकाड्याने पीत असेल. पण आकडा समोर होता. पशुवैद्यकांनी वही वाचली आणि पहिलाच प्रश्न केला, “माजावर केव्हा आली होती?” तारीख पहिल्या पानावर होती. सोनोग्राफीत गर्भाशयात पू झाल्याचे दिसले. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. ती पुढे सात वर्षे आमच्या ओसरीवर राखण करीत होती.

मात्र वही लिहीत बसण्याची वेळ नसते, असेही प्रसंग आहेत. पिलाला रक्ताची, दुर्गंधीयुक्त हगवण लागणे, पोट फुगून कोरडे उमाळे येणे, झटके येणे, लघवी अडणे, हिरड्या पांढऱ्या वा निळसर होणे, बसल्या जागी तोंड उघडून धापा टाकणे, किंवा नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी कुणी दंश केल्याची शंका असणे. अशा वेळी वही मिटावी आणि गाडी काढावी. घरातील पॅरासिटामॉल वा आयब्युप्रोफेन कुत्र्याला देऊ नये. माणसाच्या या गोळ्या त्याच्या जिवावर बेतू शकतात. काजूच्या हंगामात बोंडांबरोबर कच्च्या बिया अंगणात पडतात, त्यांवरही लक्ष असावे. टरफलातील डीक-तेलाने माणसाच्या बोटांची सालपटे निघतात, तेथे कुत्र्याच्या तोंडाची काय कथा!

आणि एक दुखणे असे आहे की, ज्यात नोंदीचा अर्थच निराळा होतो.

२०१२ साली मी पेडणे तालुक्यातील एका सरकारी शाळेत होतो. तिसरीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत रडत आला. रस्त्यापलीकडच्या घरचा कुत्रा त्याच्या पोटरीला चावला होता. मी त्याला शाळेच्या नळाखाली उभा केला आणि साबण लावून वाहत्या पाण्याने जखम धुऊ लागलो. तेवढ्यात त्याची आई धावत आली. वडिलांच्या पेटीची कीर्ती कशी कोण जाणे पेडण्यापर्यंत पोहोचली होती. ती म्हणाली, “मास्तर, तुमच्या घराकडे औषाद आसा म्हणतत. दोन गोळये दिया.”

तिच्या डोळ्यांत एवढा विश्वास होता की क्षणभर मला बोलवेना. त्या पेटीत खरोखरच एक बाटली होती. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेपासून औषध तयार करण्याची कल्पना कॉन्स्टंटाइन हेरिंग या होमिओपॅथने १८३३ च्या सुमारास मांडली होती. त्या औषधाचे नाव मी वडिलांच्या खतावणीत वाचले होते. परंतु ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला जी लस दिली, तिची परंपरा सिद्ध झाली; त्या बाटलीची झाली नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ निश्चित असतो. त्यापूर्वी घेतलेली लस मात्र माणसाला वाचविते. मी त्या माउलीला म्हणालो, “बाय, गोळ्या नाहीत. गाडी आहे. चल.” पंधरा मिनिटे जखम धुऊन आम्ही इस्पितळात गेलो. लस त्याच दिवशी सुरू झाली.

परतल्यावर मी नवी वही घेऊन कुत्र्याच्या मालकाकडे गेलो. चावलेला कुत्रा ओळखीचा असेल तर त्याला मारू नये. बांधून ठेवून दहा दिवस त्यावर नजर ठेवावी, हा जगन्मान्य संकेत आहे. त्यामागील कारण असे: रोगाचे विषाणू कुत्र्याच्या लाळेत उतरतात ते लक्षणे दिसण्याच्या जेमतेम काही दिवस आधी. म्हणून चाव्यानंतर दहाव्या दिवशीही कुत्रा धडधाकट असेल, तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हते असे निश्चयाने म्हणता येते. मात्र या दहा दिवसांसाठी लस थांबवायची नसते. आणि कुत्रा भटका, बेपत्ता असेल तर वाट पाहण्याचा प्रश्नच उरत नाही.

त्या दहा दिवसांत काय पाहायचे? कुत्रा पिसाळला म्हणजे तो लाळ गाळीत सर्वांच्या अंगावर धावतो, हे अर्धेच सत्य. काही कुत्रे उलट कोपऱ्यात, अंधारात दडून बसतात. भुंकण्याचा आवाज घोगरा होतो, बदलतो. चाल लटपटते. काहींचा खालचा जबडा लोंबतो आणि गिळता येत नाही. तेव्हा घशात हाड अडकले असे समजून माणसे तोंडात हात घालतात, आणि तोच घात होतो. कुत्रा पाणी पितो म्हणजे तो पिसाळलेला नाही, ही समजूतही घातक आहे. पाण्याची भीती हे माणसातील लक्षण आहे, कुत्र्यातील नव्हे. असे काही दिसल्यास जवळ न जाता, दार लावून पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

मी रोज शाळा सुटल्यावर फाटकाबाहेरून पाहून लिहीत असे: ‘खाल्ले. प्यायला. मालकाला ओळखतो. आवाज नेहमीचा. चाल नेहमीची.’ दहा दिवस तीच पाच वाक्ये! इतके नीरस गद्य मी आयुष्यात लिहिले नाही आणि एवढ्या उत्कंठेने एकही गद्य वाचले नाही. अकराव्या दिवशी मुलाची आई शाळेत आली. मी वही तिच्यापुढे धरली. तिला वाचता येत नव्हते. मी वाचून दाखविले. ती काही न बोलता मुलाच्या डोक्यावरून हात फिरवीत राहिली.

त्यानंतर गोव्यात जे घडले ते आपणां सर्वांना अभिमान वाटावे असे आहे. २०१३ ते २०१९ या काळात राज्य शासन आणि ‘मिशन रेबीज’ यांनी मिळून केलेले काम २०२२ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वर्षाकाठी ९५,००० हून अधिक कुत्र्यांना लस देऊन ७० टक्के कुत्र्यांपर्यंत पोहोचण्यात आले. दरवर्षी सुमारे दीड लाख मुलांना शाळाशाळांतून या रोगाची माहिती दिली गेली. कुत्र्यांतील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले आणि माणसांतील रेबीजचे निर्मूलन झाले. हे कशाने साधले? लस तर होतीच; पण जोडीला नोंद होती. लस देणारे कार्यकर्ते प्रत्येक कुत्र्याची नोंद जागच्या जागी भ्रमणध्वनीत करीत. कोणती वाडी झाली, कोणती राहिली, हे आकडे सांगत. वडिलांच्या लाल खतावणीची ही नात म्हणावी!

तथापि पत्रादेवी आणि दोडामार्गच्या नाक्यांवर माणसाची गाडी थांबते, कुत्रा थांबत नाही. सीमेवरच्या आमच्या दोन तालुक्यांना तरी बेसावध राहून चालणार नाही. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, जेथे कोठे हा अंक पोहोचतो, त्या घरांतही दारी एखादा कुत्रा असेलच. त्याची वार्षिक लस चुकवू नये, ही कळकळीची विनंती.

आपल्या परंपरेत कुत्र्याला मोठे मानाचे स्थान आहे. दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान उभे असतात. आमच्या सांखळीच्या दत्तमंदिरात जाणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वर्गात सांगत आलो. त्या कथेतील भक्तीविषयी पुष्कळ बोलले जाते. मला अलीकडे त्यातील निरीक्षण अधिक जाणवते: भाकरी कोरडी आहे, हे नामदेवांच्या ध्यानात आले होते. प्रेमाची सुरुवात अशा ध्यानात येण्यापासून होते.

आमची मुलगी आता नोकरीनिमित्त पुण्याला असते. तिच्याकडेही एक कुत्रा आहे. गेल्या महिन्यात तिचा दूरध्वनी आला, “बाबा, हा आज जरा बरा वाटत नाही.” मी काही बोलण्याआधीच ती हसली आणि म्हणाली, “थांबा. सकाळी आठला भात निम्मा टाकला. पाणी नेहमीएवढे. हिरड्या गुलाबी. ताप मोजते आणि सांगते.”